किताब वेगळा, इस्टेट वेगळी

स्पेनच्या सरदार घराण्यांच्या वंशावळी लावायला बसलायस, तर आधी एक खूणगाठ बांध: किताब वेगळा, इस्टेट वेगळी. एकोणिसाव्या शतकातच वडिलोपार्जित जमिनींची किताबाशी असलेली कायदेशीर सांगड तुटली. ड्यूक आहे म्हणजे वाडाही त्याचाच, असं धरू नकोस. 2006च्या कायद्यापासून किताबाचा वारस थोरलं अपत्य, मुलगी असली तरी. राजगादीला मात्र 1978च्या संविधानानुसार अजून मुलगाच आधी, आहे की नाही गंमत! शिवाय किताब आपोआप चालून येत नाही. न्याय मंत्रालयाकडे अर्ज, कर, मग सनद. म्हणून आधीच्याची मृत्यूतारीख हीच पुढच्याच्या सनदेची तारीख समजू नकोस. मी समजलो होतो, अख्खी वंशावळ पुन्हा लिहावी लागली.