शहराचा अभ्यास? आधी पायी फिरून ये

नगररचनेच्या अभ्यासासाठी चिपळूण हा विषय छान निवडलास. पण पहिला आठवडा लॅपटॉप उघडू नकोस. छत्री घे आणि चाल.

बाजारपेठेतून निघ. वाशिष्ठी आणि शिवनदी कुठून कशा जातात ते बघ. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते दुकानदारांना विचार, भिंतीवर हात ठेवून दाखवतील. खाडीला भरती असली की पुराचं पाणी लवकर ओसरत नाही, म्हणून पावसासोबत भरतीची वेळही वहीत लिही. एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- पऱ्याला, म्हणजे छोट्या ओढ्याला, गटार समजून त्यावर स्लॅब टाकणं. नकाशात आधी पऱ्या काढ, रस्ते नंतर.
- पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, जुनाट म्हणून मोडायला निघणं. एखादी पाखाडी भर दुपारी उतरून बघ. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती, वर फणसाची सावली, गाडीचा धोका नाही. म्हातारी माणसं मधल्या पायरीवर जरा टेकतात, दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. निरोगी शहरासाठी हेच तर हवं असतं!
- फक्त गाडीवाल्यांना विचारणं. मासे विकणाऱ्या बायकांना विचार, दिवसभरात सावली, पाणी, संडास कुठे मिळतो?

एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), जीआयएस (संगणकावरचे नकाशे) सध्या राहू दे. पहिला नकाशा हाताने काढ, वाकडा आला तरी चालेल. काढलास की मला नक्की दाखव.