वाचकांचे प्रश्न : रुमालात सापडलेलं पत्र

प्रश्न : दांडियाबाजारातल्या आमच्या घरी जुन्या हिशेबांच्या रुमालात, म्हणजे कागद बांधून ठेवायच्या कापडात, एक इंग्रजी पत्र निघालं. चार घड्या, तपकिरी शाई, मागे छज्जाखालच्या ब्रॅकेटचं पेन्सिलचित्र, मापं फूट-इंचांत, कोपऱ्यात मोडीची एक ओळ. सही 'मँट' अशी दिसते, साल 1883. लक्ष्मी विलास राजवाड्याचे वास्तुविशारद मँट ते हेच का? कागद घड्यांवर चिरतोय, लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचिका, वडोदरा

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. दुकानात पाच मिनिटांत होतं आणि मग निघत नाही. उष्णतेनं वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो.

तपकिरी दिसणारी ही शाई लिहिताना बहुधा काळी होती. माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची ती शाई. हिराकस जास्त पडली की जोडीला न लागलेलं लोह मोकळं राहतं आणि शाईतल्या आम्लासोबत कागद आतून खात जातं. भिंग घेऊन टाकाचा जाड, खाली उतरणारा फटकारा पाहा. तिथे शाई साचलेली असते, म्हणून कड पिवळसर होते आणि पाठीमागे तपकिरी सावली उमटते. पुढची पायरी म्हणजे रेघेवर चीर, आणि शेवटी अक्षराच्या आकाराचं भोक.

इथे पाण्याचा हात लागला की बिघडतं. ओलावा ते लोह रेघेतून सुटं करून आजूबाजूच्या कोऱ्या कागदात नेतो, आणि मग ओळींमधला कागदही ठिसूळ होतो. म्हणून ओलं फडकं, वाफेची इस्तरी, घरची खळ, फेविकॉल, सगळं बाद. सेलोटेप वेगळ्या कारणानं बाद : काही वर्षांत गोंद पिवळा पडून आत उतरतो, पट्टी मात्र गळून पडते.

घड्या उघडायला वैशाख नको. वडोदऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद सगळ्यात ठिसूळ असतो. पावसाळा सरल्यावर, खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असताना, टेबलावर पांढरा टीपकागद पसरा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा, आणि एका वेळी एकच घडी उघडा. अडली तर तिथेच थांबा. उघडलेल्या भागावर टीपकागद आणि त्यावर कापडात बांधलेली वाळूची दोन-तीनशे ग्रॅमची पुरचुंडी ठेवा. पुढची घडी दुसऱ्या दिवशी. धूळ मऊ ब्रशनं, मधून कडेकडे. खोडरबर चित्राच्या बाजूला न्यायचंच नाही, पेन्सिलीची मापं त्याबरोबर जातील.

मग आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, बाहेर पुठ्ठ्याची पेटी. पीव्हीसीचं प्लास्टिक नको, त्यातून आम्ल सुटतं. पारदर्शक हवं असेल तर पॉलिएस्टर, पण शाईचे कण सुटत असतील तर तेही नको. त्याच्या स्थिर विजेला कण चिकटतात. भिंतीवर टांगायची हौस फोटोच्या छापावर भागवा. रुमालात कडुनिंबाचा पाला घालायची जुनी रीत चांगली, पण तो पूर्ण सुकलेला, पोटलीत, कागदापासून दूर.

दुरुस्ती जाणकाराकडूनच. तो आधी चाचणीच्या पट्टीनं मोकळं लोह बघेल (गुलाबी झाली तर आहे), मग जपानी टिश्यूची अगदी पातळ पट्टी कमीत कमी ओल वापरून लावील. चौकशीला महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग तुमच्याच गावात आहे.

आता सही. मेजर चार्ल्स मँट 1881 मध्ये वारले. राजवाड्याचं काम नंतर रॉबर्ट फेलोज चिझम यांनी हाती घेतलं आणि 1890 मध्ये पूर्ण झालं. म्हणजे 1883 खरं असेल तर पत्र मँट यांचं नाही. शेवटचा आकडा भिंगाखाली पुन्हा बघा. टाकाचा 0 नीट मिटला नाही तर घाईत 3 वाटू शकतो. मग कागद खिडकीच्या उजेडासमोर धरा. इंग्लंडच्या कागदात गिरणीच्या नावासोबत सालाचं पाणचिन्ह अनेकदा असतं. ते साल पत्रावरच्या तारखेनंतरचं असेल, तर पत्र मागाहून केलेली नक्कल आहे. मोडीची ओळही वाचून घ्या : पोहोचल्याची तारीख असली, तर सहीपेक्षा तीच जास्त बोलेल. वाचणाऱ्याला फोटो पाठवा, मूळ पत्र नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे त्याच काळातलं पत्र आहे, पण जांभळं, अंधूक आणि कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कागदावर. बनावट आहे का?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : बनावट असेलच असं नाही, ही बहुधा कचेरीची प्रत आहे. खास शाईनं लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ पान ठेवून लोखंडी प्रेसमध्ये दाबत. ठसा उलटा उमटे, पण पातळ पानाच्या दुसऱ्या बाजूनं सुलटा वाचता येई. मूळ पत्र टपालात जाई, प्रत वहीत राही. हा जांभळा रंग पाण्यात लगेच विरघळतो आणि उजेडात उडतो, म्हणून आधी फोटो काढून घ्या, दोन्ही बाजूंचे, पत्रावर सरळ ऊन न पाडता.

प्रश्न : असं पत्र परदेशी संग्राहकाला विकता येईल का?

उत्तर : ऐतिहासिक मूल्याचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज 75 वर्षांहून जुना असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यात तो पुरावस्तू ठरतो, आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. टपालानंही नाही.