पायोरियाने दात गेले, आता इम्प्लांट बसवावं का?

प्रश्न: वय ५४. पायोरियामुळे खालच्या दोन दाढा हलून पडल्या. अशा तोंडात इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) टिकेल का?

उत्तर: टिकू शकतं, पण आधी हिरड्या शांत व्हायला हव्यात. दाढा पडल्या म्हणून आजार गेला, असं होत नाही. उरलेल्या दातांच्या कडेला तेच जंतू मुक्काम ठोकून असतात. निरोगी दात आणि हिरडीमधली फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. डीप क्लीनिंगनंतर, म्हणजे हिरडीखालच्या सफाईनंतर, दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा मोजून घ्या. डॉक्टर एकेका दाताभोवती खुणांची बारीक सळई फिरवतात आणि आकडे सांगत जातात. तो तक्ता मागून घ्या. त्यात ५-६ मिलिमीटरच्या, सळई लागताच रक्त येणाऱ्या जागा उरल्या असतील तर थांबा. सळई न लावता नुसत्या एक्स-रेवर ऑपरेशनची तारीख देणं मला पटत नाही.

प्रश्न: हलणारे सगळेच दात काढून इम्प्लांट बसवले तर कटकट संपेल ना? टायटॅनियमला कीड लागत नाही.

उत्तर: कीड लागत नाही, खरंय. पण पायोरिया खातो ते हाड, आणि इम्प्लांट त्याच हाडात बसतं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे शिरलेले असतात. जंतूंना तो बांध असतो. इम्प्लांटभोवती तंतू नुसते कडेने उभे राहतात, आत शिरत नाहीत. एकदा सूज आली की ती हाडापर्यंत लवकर उतरते. उलट थोडा हलणारा दात नीट उपचार केल्यावर पुष्कळदा वर्षानुवर्षं काम देतो. सरसकट काढू नका.

प्रश्न: चार वर्षांपूर्वी बसवलेल्या इम्प्लांटजवळ ब्रश करताना रक्त येतं. दुखत नाही, हलतही नाही.

उत्तर: इथेच माणसं फसतात. टोकाशी थोडंसं हाड शिल्लक असलं तरी इम्प्लांट घट्टच लागतं, त्यामुळे हलायची वाट पाहिली तर फार उशीर होतो. नवा एक्स-रे काढून कॅप बसवली तेव्हाच्या एक्स-रेशी ताडून बघायला सांगा. नुसती हिरडी सुजली असेल तर सफाईने बहुतेक वेळा बरी होते. हाड झिजलं असेल तर ते पूर्ण भरून आणणं अवघड. कॅपचं सिमेंट हिरडीखाली राहिलंय का, तेही बघायला सांगा. इतक्या क्षुल्लक गोष्टीनेही सूज धरते. घरी प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा, फटीत जाणारा छोटा ब्रश रोज वापरा. आणि तुमच्यासारख्यांनी तपासणी वर्षातून एकदा नाही, दर तीन ते सहा महिन्यांनी करायची.

प्रश्न: रोज सहा-सात सिगारेटी ओढतो, पण हिरड्यांतून कधी रक्त येत नाही. म्हणजे इम्प्लांटला हरकत नाही ना?

उत्तर: आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही; आत हाड झिजत असू शकतं. आधी सळईने मोजणी, आणि सिगारेट ऑपरेशनपुरती नाही, कायमची बंद.