घरची शाळा, बेताचा खर्च

प्रश्न : आमची नऊ वर्षांची मुलगी यंदापासून घरीच शिकते आहे. फार खर्च न करता तिच्यासाठी चांगले साहित्य कोठून मिळवावे? (एक पालक, नागपूर)

उत्तर : बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य मिळतात, मात्र त्या सबंध छापून घेऊ नयेत, कारण तो खर्च पुष्कळदा छापील पुस्तकाहून अधिक होतो. सीताबर्डीवर जुनी पुस्तके घेताना स्वाध्यायाची पाने अवश्य चाळावीत : उत्तरे पेन्सिलीने लिहिलेली असतील तर खोडरबर पुरते, शाईने लिहिलेली असतील तर पुस्तक परत ठेवावे. १८६३ साली स्थापन झालेला आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, एका फेरीत उरकू नये. एका वेळी एकच दालन पाहावे, आणि मुलीला वहीत चित्र काढू द्यावे. परीक्षेची घाई नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश घेता येतो.