'रेन चेक' घेतला म्हणजे येणार की नाही?

प्रश्न : आम्ही नुकतेच न्यू जर्सीला राहायला आलोय. शेजारच्या अमेरिकन कुटुंबाला दिवाळीच्या फराळाला बोलावलं तर शेजारीणबाईंचा मेसेज आला, 'थँक यू सो मच! कॅन वी टेक अ रेन चेक?' पाऊस तर अजिबात नव्हता. म्हणजे नाही म्हणाल्या का? परत बोलावलं तर गळ्यात पडल्यासारखं वाटेल का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका ताई आणि परत बोलवा, बिनधास्त. आज जमत नाहीये पण तुमचं बोलावणं आम्हाला हवंय, पुढे कधीतरी येऊ, एवढाच त्याचा अर्थ. आपण नाही का दारातूनच निघताना म्हणतो, 'चहा उधार राहिला बरं का', तसंच.

पाऊस आला बेसबॉलमधून. १८८० च्या दशकात अमेरिकेत मॅच पावसाने धुऊन गेली की प्रेक्षक पैसे परत मागायचे, मग क्लबांनी असं सुरू केलं की पैसे नाही पण त्याच तिकिटावर पुढची मॅच बघा. गेटवरचा माणूस तिकीट फाडून अर्धं ठेवून घ्यायचा आणि उरलेला तुकडा तुमच्या हातात द्यायचा, तोच रेन चेक, बऱ्याचदा त्यावर तसं छापलेलंच असायचं. त्यामुळे हा चेक बँकेचा नाही, कोट किंवा सामान जमा केल्यावर टोकन मिळतं ना, त्याला अमेरिकेत चेक म्हणतात, तो हा. पण नियमही होता: नऊ इनिंग्जपैकी (बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात) पाच पूर्ण झाल्या (यजमान टीम पुढे असेल तर साडेचारच) की मॅच झाली असं धरायचे, मग कितीही कोसळू दे, तो तुकडा बाद. गोल्फच्या मैदानांवर आजही असे रेन चेक देतात.

आता टेक आणि गिव्ह, इथे आपल्या लोकांची फार गडबड होते. तुकडा असतो प्रेक्षकाच्या हातात, म्हणजे ज्याला बोलावलंय तो रेन चेक 'टेक' करतो. तुम्हीच बोलावलं आणि ऐनवेळी मुलाला ताप आला म्हणून तुम्हालाच पुढे ढकलायचंय, तर तुम्ही रेन चेक 'गिव्ह' करता. आणि ऑफिसात कुणीकुणी 'आधी एक रेन चेक करून घेऊ' म्हणतात, म्हणजे नीट तपासून घेऊ या अर्थाने, ते साफ चूक आहे.

तुमचा खरा प्रश्न, मनापासून म्हणाल्या की नुसतं टाळलं? दोन्हीसाठी वापरतात, कारण तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा हे बरं पडतं. माझ्या मते पारख एकच, तारखेचं काय होतं ते बघा. मेसेजमध्येच 'नेक्स्ट मंथ?' असं काही असेल तर शंकाच नको. नसेल तर तुम्ही एकदा नेमका दिवस सुचवा, 'शुअर! डझ द सेकंड वीकेंड आफ्टर थँक्सगिव्हिंग वर्क?' (थँक्सगिव्हिंग हा अमेरिकन सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्याच्या लगेचच्या शनिवार-रविवारी बरेच जण गावाला गेलेले असतात, म्हणून त्याच्याही पुढचा आठवडा स्पष्ट लिहा.) त्यावरही पुन्हा रेन चेकच आला आणि दिवस सांगितलाच नाही तर तिथेच थांबा, यायचं असेल तर त्या स्वतः विचारतील.

तुम्हीही वापरा की, कॉफी, जेवण, सिनेमा, वॉक, जे पुन्हा होऊ शकतं त्याला चालतं. लग्नाच्या आमंत्रणाला मात्र नको, ते लग्न काही पुन्हा लागणार नाही, तिथे सरळ 'सॉरी, वी कान्ट मेक इट' लिहा. प्रेतयात्रेला तर नाहीच नाही.

प्रश्न : डॅलसला मुलाकडे आलोय. सेलमधलं तेल संपलं होतं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, रेन चेक देऊ का? मी घाबरून नको म्हणालो. पैसे लागले असते का?
– एक आजोबा

उत्तर : एक पैसा लागला नसता आजोबा. जाहिरात केलेला माल संपला की दुकान चिठ्ठी देतं, त्यावर वस्तू, सेलचा भाव आणि किती नग मिळतील ते लिहिलेलं असतं, माल आल्यावर सेल संपला असला तरी त्याच भावात मिळतो. सगळी दुकानं देत नाहीत आणि 'स्टॉक असेपर्यंत' लिहिलेल्या मालाला बहुतेक ठिकाणी नाही मिळत. पुढच्या वेळी हो म्हणा आणि चिठ्ठीवरची शेवटची तारीख तिथेच वाचून घ्या.