एकेचाळिसाव्या वर्षी बी.एड. करू का?

प्रश्न : बाई, माझं वय 41, खुला प्रवर्ग. 2005 साली बी.एस्सी. झाले, गणित विषय, 56 टक्के. नोकरी कधी केली नाही, पण राजारामपुरीत घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मुलगा यंदा अकरावी होईल. बी.एड. करून शाळेत शिकवावं असं फार दिवस मनात आहे. मिस्टर म्हणतात, सरकारी नोकरी लागणार असेल तर खुशाल दोन वर्षं घाल. सासूबाई म्हणतात, "आता ह्या वयात दप्तर घेऊन कुठं चाललाईस?" एक ओळखीचे म्हणाले, कॉलेजला न जाताही बी.एड. होतं. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंचं राहू दे. मिस्टरांचा मुद्दा आधी घेऊ, कारण घरात दोन वर्षं ओढाताण होणार ती त्यावरूनच.

बी.एड.च्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. नोकरीला आहे. जिल्हा परिषदेची भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून होते आणि तिथं खुल्या प्रवर्गाला 38, मागास प्रवर्गाला 43 ही मर्यादा. अनुदानित शाळांची भरतीही आता बहुतेक त्याच वाटेनं. सरकार अधूनमधून एखाद-दोन वर्षांची सूट देतं, पण त्या भरवशावर घर चालत नाही. तेव्हा मिस्टरांना स्पष्ट सांगा की सरकारी नोकरी लागणार नाही. हे आज जेवताना सांगितलेलं बरं, नाहीतर दोन वर्षांनी "मग केलंस कशाला?" हे ऐकावं लागेल.

राहिल्या विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा. तिथं गणिताचं माणूस हवंच असतं. पगार मात्र संस्थेगणिक वेगळा, आणि तुमच्या शिकवणीच्या जमेपेक्षा तो कमी भरला तर मला नवल वाटणार नाही. तुलनेसाठी सांगते, सरकारी वाटेनं गेलेल्यालाही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधन मिळतं. म्हणजे पैशाचं गणित तुम्हीच मांडा, तुमचा विषयच आहे तो. त्यातूनही 'मला वर्ग हवाय' असं वाटत असेल तर माझं मत : करा.

ओळखीच्या त्या गृहस्थांना मात्र लांबूनच नमस्कार. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे, पण ते आधीच शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. तुमच्यासारख्यांना नियमित, दोन वर्षांचंच. त्यात तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाला, 90 टक्के हजेरी लागते. "फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो" म्हणणारे एजंट आपल्याकडेही फिरतात. पैसे देण्याआधी त्या कॉलेजला एन.सी.टी.ई.ची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का, एवढं तरी बघावं माणसानं.

आणखी एक. बी.एड. झालं की पहिलीपासून कुठंही शिकवता येतं, असं अजून काहीजण सांगतात. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल दिलाय, तिथं डी.एल.एड.च (पूर्वीचं डी.एड.) लागतं. तुम्हाला नववी-दहावी मिळेल. सहावी ते आठवी हवी असेल तर टी.ई.टी.चा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर द्या : 150 गुण, त्यात गणित-विज्ञानाचे 60. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के लागतात, आणि एकदा पास झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

प्रवेशासाठी सी.ई.टी. आहे. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकलं तरी गुण कापत नाहीत. पदवीला 50 टक्के लागतात, तुमचे आहेत. परीक्षेची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायचीच तर सूक्ष्म अध्यापनाची घ्या, म्हणजे शिकवण्याच्या एकेका कौशल्याच्या सरावासाठी घ्यायच्या छोट्या पाठांची. मी एकोणचाळिसाव्या वर्षी बी.एड.ला गेले तेव्हा आमच्यात शिकवणी घेणाऱ्या एक बाई होत्या, गणिताच्याच. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून आम्हीच बसलेलो, आणि कौशल्य होतं प्रश्न विचारण्याचं. बाईंनी फळ्यावर समीकरण लिहिलं, "आता x कसा काढायचा?" असं विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच काढून दाखवला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पाठ संपल्यावर मॅडमनी (वयानं आमच्या धाकट्या बहिणीसारख्या) टाचणाच्या वहीत लाल शाईनं लिहिलं : "प्रश्न विचारल्यावर थांबा." बाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं.

शिकवणीत पोर अडलं की आपण वही ओढून गणित सोडवून देतो. आईबापांनाही तेच हवं असतं, गृहपाठ पुरा झाला पाहिजे. साठ मुलांच्या वर्गात ते चालत नाही. तिथं प्रश्न टाकून गप्प उभं राहावं लागतं आणि ती शांतता फार अवघड जाते, विशेषतः ज्याला उत्तर येतं त्याला. त्या बाई पुढं सराव पाठाला ओठ घट्ट मिटून मनात आकडे मोजत उभ्या राहायच्या. मागच्या बाकावरचं एखादं पोर हळूच "बाई, बाजू बदलली की चिन्ह बदलतंय न्हवं?" म्हणायचं, मग त्या हसायच्या. तुमचा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहेच, पण पहिले चार महिने तो आडवा येईल. बावीस-तेवीस वर्षांची पोरं तुमच्या पाठावर शेरे मारतील, तेही लिहून घ्यावे लागतील. पाठ टाचणं, तक्ते, अहवाल यांत रात्री जातात. मुलाच्या बारावीचं वर्ष त्यात येत असेल तर एक वर्ष थांबायलाही हरकत नाही. वयाची मर्यादा तुमच्यापुरती उलटून गेलीच आहे, तिची घाई आता कशाला?

शिकवणी पूर्ण बंद करू नका. दहावीची तुकडी ठेवा, बाकीच्या सोडा. दुसऱ्या वर्षी आंतरवासितेचे सोळा आठवडे रोज शाळेच्या वेळेत शाळेतच जातील, तेव्हा संध्याकाळचं तेवढं जमेल.

आता कागद. पदवी माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या, असंच असणार. विवाह नोंदणीचा दाखला काढलाय का बघा, नसेल तर तो आधी. नावबदलाचं राजपत्र लागलं तर त्यालाही वेळ जातो. इतक्या वर्षांच्या खंडासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते नोटरीकडे एका दिवसात होतं. गुणपत्रिका हरवली असेल तर विद्यानगरला शिवाजी विद्यापीठात दुसरी प्रत मिळते, अर्ज मात्र आत्ताच टाका. सी.ई.टी.चे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि तोवर नावाचं काम अडकलेलं असेल तर बाकी सगळं असून नसून सारखंच.