बॅक्लोफेन नव्याने सुरू करताना

बॅक्लोफेन हे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध. सुरुवात साधारण ५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा. मग दर तीन दिवसांनी प्रत्येक डोस ५ मिग्रॅने वाढवतात. दिवसाला ८० मिग्रॅच्या पुढे सहसा नेत नाहीत. हा वेग डॉक्टरांनीच ठरवायचा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करतात का ते दाखवणारा घटक) वाढलेलं असेल तर आधी सांगा. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, साठलं की गुंगी आणि गोंधळलेपणा येतो.

पाय पूर्ण सैल करणं हे ध्येय नाही. पुष्कळांचा तोल त्या ताठरपणावरच सांभाळला जातो. उभं राहताना गुडघे दुमडू लागले तर डोस जास्त झालाय, लगेच कळवा.

असर काही तासांचाच, म्हणून वेळा पाळा. चुकलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर दुप्पट करून घेऊ नका.

सगळ्यात मोठा धोका अचानक बंद करण्याचा: भास, झटके, तीव्र ताप, आधीपेक्षा जास्त ताठरपणा. म्हणून पाकिटात आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की नवीन आणा. सणासुदीला दुकानं हमखास बंद सापडतात. थांबवायचंच असेल तर आठवडा-दोन आठवडे घेऊन हळूहळू. दारू, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं सोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल तर थेट १०८.